पेशीतील प्रथिने : रचना आणि योजना

सजीवांच्या शरीरातील बहुतेक कामे प्रथिनांकरवी चालतात. रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे असेच एक प्रथिन होय. डीएनएमधील माहितीची प्रत आरएनएच्या रूपाने रायबोसोमकडे जाते. तेथे तीन-तीन अक्षरांचा एकेक संकेत वाचला जातो आणि त्यानुसार अमिनो आम्ले माळेतील मण्यांप्रमाणे ओवली जातात. असे ६४ संकेत आहेत. त्यांपैकी ६१ संकेत २० अमिनो आम्लांचे, तर ३ माळ संपल्याचे सुचवतात. या संकेतांची उकल करणाऱ्या हरगोविंद खोराना यांना १९६८ साली दोन शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

इतकी शिस्तबद्ध व्यवस्था कोणी योजून केली असेल काय? घड्याळ आहे त्याअर्थी घड्याळजी असलाच पाहिजे. तद्वत सजीवांचाही कोणी कर्ता असला पाहिजे, असे विल्यम पेली यांनी १८०२ साली प्रतिपादन केले. १८५९ साली चार्ल्स डार्विन यांनी निराळे उत्तर दिले. पिढ्यान्‌पिढ्या होणारे लहान बदल आणि त्यांतून उपयुक्त बदलांची होणारी नैसर्गिक निवड यांमधूनही गुंतागुंतीची रचना घडू शकते.

प्रथिने घडवणारे यंत्रच प्रथिनांचे असेल, तर पहिले प्रथिन कोणी घडवले? २००० साली रायबोसोमची सूक्ष्म रचना स्पष्ट झाली, तेव्हा अमिनो आम्ले जोडण्याचे मुख्य काम त्यातील आरएनए करतो असे दिसून आले. म्हणून आरंभीची साधी यंत्रणा आरएनएचीच असावी, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

या यंत्रणेत दोषही संभवतात. हिमोग्लोबिनच्या संकेतातील एक अक्षर बदलले, की सिकलसेल हा आजार उद्भवू शकतो. सदोष जनुक आईवडील दोघांकडून आल्यास आजार होतो; एकाकडूनच आल्यास हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून पुष्कळसे संरक्षण मिळते. म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत हा बदल टिकून राहिला. नैसर्गिक निवड वंश टिकवते. व्यक्तीच्या वेदनेचा विचार ती करत नाही.

तात्पर्य, पेशीत रचना निश्चित आहे. परंतु रचना म्हणजे योजना नव्हे. विश्वामागे काही हेतू आहे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. सिकलसेल हा मात्र दैवाचा कोप नाही, हे विज्ञान निःसंशय सांगते. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. विवाहापूर्वी रक्ततपासणी केल्यास ती आधीच कळू शकते.

विचार करा
१. ‘रचना’ आणि ‘योजना’ यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.
२. सिकलसेलला कारणीभूत असलेला बदल हिवतापाच्या प्रदेशांत का टिकून राहिला?