साठ हजारांची पुडी आणि व्यायाम

आहारातले कॅल्शियम आतड्यातून रक्तात पोचवणे हे ड जीवनसत्त्वाचे मुख्य काम. ते पुरेसे असेल तर अन्नातल्या कॅल्शियमपैकी 30 ते 40 टक्के शोषले जाते, कमी असेल तर 10 ते 15 टक्केच. मग रक्तातली तूट शरीर हाडांतून भरून काढते. कमतरता तीव्र आणि जुनी झाली की हाडे मऊ पडतात, मांड्यांचे स्नायू दुबळे होतात आणि जिना चढणे, उकिडवे बसून उठणे कठीण जाते. व्यायाम करणाऱ्याला ही लक्षणे सरावाचा शीण वाटण्याची शक्यता असते.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव याच जातीचा. धावणे वाढवल्यावर नडग्या दुखू लागल्या, बैठका जड गेल्या. रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व बरेच कमी निघाले. डॉक्टरांनी साठ हजार आययूची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे घ्यायला सांगितली आणि पुढल्या काही महिन्यांत त्रास ओसरला. त्यानंतर व्यायामशाळेतून सल्ला आला, की पुडी चालूच ठेवावी, ताकद वाढते. डॉक्टरांनी फेरतपासणी करून ती थांबवली.

ताकदीचा हा दावा अर्धाच खरा आहे. कमतरता असलेल्याला भरपाईचा फायदा होतो. पातळी पुरेशी असलेल्याचे स्नायू जादा मात्रेने बळकट होतात, असे दिसत नाही. हाडांबाबत 2008 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकी नौदलातला अभ्यास बोलका आहे. नव्याने भरती झालेल्या स्त्रियांना रोज 800 आययू ड जीवनसत्त्व आणि 2000 मिलिग्रॅम कॅल्शियम दिल्यावर ताणामुळे हाडाला तडा जाण्याचे प्रमाण सुमारे 20 टक्क्यांनी घटले. याउलट, ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच 5 लाख आययू दिले, तेव्हा त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे उलट वाढले; तो अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला.

भारतीय प्रौढांसाठी दैनंदिन शिफारस 600 आययूची आहे. देखरेखीविना 4000 आययूची मर्यादा ओलांडू नये. आठवड्याची पुडी दिवसाला साडेआठ हजारांवर जाते, म्हणून ती ठरावीक मुदतीचे औषध आहे, पूरक आहार नव्हे. ड जीवनसत्त्व चरबीत साठते. आठवड्याची पुडी चुकून रोज घेतली किंवा वर्षानुवर्षे चालू ठेवली, तर रक्तातले कॅल्शियम वाढू शकते. फार तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठ ही त्याची चिन्हे. पुढे मूत्रपिंडाला इजा होते.

उन्हाबाबतही एक समज तपासून घ्यावा. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारी अतिनील ब किरणे सूर्य खाली असताना वातावरणातच अडतात. त्यामुळे सकाळचे कोवळे ऊन सुखद असले तरी या कामी तोकडे पडते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाचे ऊन उपयोगी. खिडकीच्या काचेतून ही किरणे जवळजवळ येतच नाहीत. सावळ्या त्वचेला अधिक वेळ लागतो, म्हणून मिनिटांचा एकच आकडा सर्वांना लावता येत नाही. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात राहावे, त्वचा भाजण्याआधी सावलीत यावे. वैशाखात भर दुपारी मेहनतीचा व्यायाम टाळावा.

आहारातून मिळणारा वाटा लहान असतो: बांगडा, तारली, अंड्याचा बलक आणि जीवनसत्त्व घातलेले दूध. कॅल्शियमसाठी दूध, नाचणी, तीळ आहारात असावेत.

व्यायाम करणाऱ्याने पाळायचा क्रम असा: अशक्तपणा किंवा हाडदुखी टिकून राहिली तर 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ही तपासणी करावी. मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमपेक्षा कमी पातळी सामान्यतः कमतरता मानतात. मात्रा आणि मुदत डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. मल्टिव्हिटॅमिन गोळ्या आणि प्रोटीन पावडरीतले ड जीवनसत्त्व हिशेबात धरावे. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधीच सांगावे. सुमारे तीन महिन्यांनी फेरतपासणी करावी. नडगीवर एकाच जागी बोटाने दाबल्यावर कळ येत असेल, तर तपासणीच्या निकालाची वाट न पाहता धावणे थांबवून हाड दाखवून घ्यावे, कारण तडा गेलेले हाड पुडीने नव्हे, विश्रांतीने सांधते.