शंटच्या खर्चात एवढी तफावत का?

प्रश्न : बाळाच्या डोक्यात पाणी साचले आहे. शंट बसवण्याचा खर्च प्रत्येक रुग्णालय वेगळा का सांगते?

उत्तर : शंट म्हणजे मेंदूतले जादा पाणी कातडीखालून पोटात सोडणारी नळी आणि झडप. झडपेची किंमत बिलात मोठा फरक पाडते. साध्या झडपेचा दाब ठरलेला असतो. काही महागड्या झडपांचा दाब बाहेरून चुंबकाने बदलता येतो.

पण महाग शंट म्हणजे सरसच असे नाही. युगांडात १९५ मुलांवरचा अभ्यास २००५मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तेव्हा सुमारे ३५ डॉलरचा भारतीय छाब्रा शंट आणि ६५० डॉलरचा परदेशी शंट यांच्या वर्षभरानंतरच्या निकालांत लक्षणीय फरक दिसला नाही.

अंदाजपत्रकात झडप, भूल, आयसीयू, स्कॅन यांचे आकडे वेगवेगळे मागावेत. शंट तुंबल्यास किंवा जंतुसंसर्ग झाल्यास पुन्हा शस्त्रक्रिया लागते, त्याचीही तरतूद हवी. महाराष्ट्रात राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून मदत मिळेल का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) आधीच विचारावे.