शब्दाचे वजन

आपल्या कापडाच्या दुकानातील पावत्या चाळून पाहा. ‘कापड’ हा शब्द जिकडे तिकडे आहे. त्यावरून हवी ती पावती सापडत नाही. ‘हिमरू’ मात्र दोन-चार पावत्यांवरच असतो. तो शब्द धरला की पावती लगेच हाती येते. हाच हिशेब संगणकाच्या कामी लावणाऱ्या बाई म्हणजे इंग्लंडच्या कॅरन स्पार्क जोन्स.

लोकरी कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या हडर्सफील्ड गावी १९३५ साली त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला त्या इतिहास शिकल्या, काही काळ शाळेत शिक्षिका होत्या. पुढे मार्गारेट मास्टरमन यांच्या भाषा संशोधन केंद्रात संगणकाला माणसाची भाषा शिकविण्याच्या कामास लागल्या. १९७२ च्या लेखात त्यांनी नियम मांडला: जो शब्द सगळ्याच कागदांत येतो त्याचे वजन कमी, जो मोजक्या कागदांत येतो त्याचे जास्त. माहिती शोधून देणाऱ्या यंत्रणांनी हा नियम उचलला.

मान मात्र उशिरा मिळाला. कित्येक वर्षे मुदतीच्या नेमणुकांवर गेली. प्राध्यापकपद १९९९ साली, साठी उलटल्यावर मिळाले. २००७ साली त्या वारल्या.

यात आपल्यासाठी धडा आहे. इतिहास, उर्दू, मराठी शिकणाऱ्या मुलाला संगणकात काय कळणार, असे म्हणून आम्हीच त्याची वाट अडवतो. भाषेची जाण हेही भांडवलच आहे. फक्त त्याचा नफा पहिल्याच हंगामात मागू नये. बांधवांनो, व्यापारात आपण सब्र करतो. मुलांच्या इल्मबाबतही करू या.