जुना कोड मॉड्यूलमध्ये नेताना

प्रश्न : मी आर्णीतून, घरूनच एका कंपनीचं काम करतो. एडब्ल्यूएस लॅम्डावरचा जुना नोड कोड जावास्क्रिप्ट मॉड्यूलमध्ये नेण्यासाठी टीमला मराठीत मार्गदर्शिका लिहून दिली. तरी रोज तेच प्रश्न घेऊन फोन येतात. काय बदलू?
– एक वाचक, आर्णी

उत्तर : मराठीत लिहिलंत, हे फार चांगलं केलंत. मॉड्यूल २०१५ साली जावास्क्रिप्टच्या मानकात आले, लॅम्डावर मात्र २०२२च्या जानेवारीत, नोड १४साठी. त्यामुळे जुन्या पद्धतीचा कोड ढिगाने पडून आहे.

‘रिक्वायरच्या जागी इम्पोर्ट लिहा’ एवढं सगळ्यांनाच जमतं. माणूस अडतो तो त्यापुढे. स्वतःच्या फाइलचा पत्ता देताना शेवटी ‘डॉट जेएस’सारखं एक्स्टेन्शन लावावंच लागतं. ‘डर्नेम’ हा तयार चल मॉड्यूलमध्ये मिळतच नाही, नोड २०.११ पासून ‘इम्पोर्ट डॉट मेटा डॉट डर्नेम’ वापरता येतं. शिवाय पॅकेज फाइलमध्ये ‘टाइप’ला ‘मॉड्यूल’ म्हणा, नाहीतर फाइलचं नाव ‘डॉट एमजेएस’ने संपवा.

म्हणून मार्गदर्शिकेची सुरुवात एररच्या ओळींपासून करा. स्क्रीनवर ‘रिक्वायर इज नॉट डिफाइन्ड’ दिसलं, की माणूस तेच शब्द शोधतो. प्रत्येक एररखाली आधीची आणि नंतरची अख्खी फाइल द्या, तुकडे नकोत. नोडची आवृत्ती वर ठळक लिहा.

मग एका नव्या सहकाऱ्याला ती वाचून काम करू द्या. तुम्ही कॉलवर त्याची स्क्रीन बघत राहा, पण बोलू नका. तो जिथे थांबेल, तीच ओळ आधी दुरुस्त करा.