एलियाला आधी भाकर मिळाली



उतारवयात मन उदास झाले की आपल्यापैकी पुष्कळांना ते पापासारखे वाटते. मिस्सात लक्ष लागत नाही, रोझरी नुसती हातात राहते, आणि 'माझी श्रद्धाच कमी पडते' असा दोष आपण स्वतःला देतो. अशा वेळी एलिया संदेष्ट्याकडे पाहूया. राजे यांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात देवाचा हा थोर सेवक रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला रागावत नाही. देवदूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो. तो खाऊन पुन्हा झोपतो, देवदूत पुन्हा खाऊ घालतो. चाळीस दिवस चालण्याची ताकद येते ती त्यानंतर. पुढे सोबतीला अलीशाही मिळतो.

म्हातारपणीची उदासी नेहमी रडण्यातून दिसत नाही. जेवण जात नाही, पहाटे फार लवकर जाग येते, अंग दुखते, चिडचिड होते. घरचे म्हणतात, 'वय झाले.' वयाने गुडघे दुखतील. पण लाडकी नातवंडे आली तरी काहीच वाटू नये, हे वयाचे लक्षण नव्हे. दोन आठवडे असेच चालले तर डॉक्टरांकडे जावे आणि गोळ्यांची पिशवी सोबत न्यावी. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता किंवा चालू असलेले एखादे औषधही याला कारण असू शकते. डॉक्टरांनी मनासाठी गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत स्वतःहून बंद करू नयेत. कानही तपासून घ्यावेत. ऐकू न येणारा माणूस चारचौघांत बसूनही एकटा पडतो, हे मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपण पाहतोच.

जोडीदार गेल्याचे दुःख वेगळे, त्याला घाई करू नये. मात्र त्या दुःखातही दोन वेळचे जेवण आणि सकाळचा फेरफटका सुटू देऊ नये.

घरातील तरुणांनी 'प्रार्थना करा, बरे वाटेल' एवढेच सांगून निघू नये. सोबत जेवायला बसावे. आजी वारंवार 'आता देवाने न्यावे' म्हणत असतील तर हसण्यावारी नेऊ नये, जीव नकोसा झाला आहे का, असे सरळ विचारावे. विचारल्याने तसा विचार डोक्यात भरत नाही. सरकारची टेली-मानस सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक फोनशेजारी लिहून ठेवावा, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.