थेट प्रक्षेपण : पण कोणाच्या डोळ्यांनी?

२३ ऑगस्ट २०२३ ची सायंकाळ. चांद्रयान-३ चंद्रावर उतरत होते आणि आमच्या घरी अर्धी आळी दूरचित्रवाणीपुढे जमली होती. पडद्यावर यान हळूहळू खाली येताना दिसत होते. आजीने विचारले, "यान आत्ता उतरतंय, मग त्याचा फोटू काढणारा आधीच तिथं जाऊन बसलाय व्हय?" सगळे हसले. मीही हसले.

आजीचा प्रश्न रास्त होता हे मला नंतर कळले. उतरणारे ते यान म्हणजे संगणकाने काढलेले चित्र होते. यानाकडून येणाऱ्या माहितीनुसार ते हलत होते. यानावरील कॅमेऱ्याने टिपलेले खरे चित्रण इस्रोने दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध केले. यात फसवणूक नव्हती. परंतु आम्ही काय पाहत आहोत, हे आम्हांला उमगले नव्हते.

'थेट' हा शब्द फक्त वेळ सांगतो. कॅमेरा कोणाचा, हे तो सांगत नाही. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलफलाटावर स्फोट होऊन ११ कामगार दगावले. सुमारे दीड हजार मीटर खोल समुद्रतळाशी तेल गळू लागले. तेथील कॅमेरे बीपी या तेलकंपनीच्या ताब्यात होते. गळतीचे पहिले छोटे चित्रण तीन आठवड्यांनी, १२ मे रोजी बाहेर आले. तोवर रोज ५,००० पिंपे तेल गळते, असा अंदाज सांगितला जात होता. चित्रण पाहताच तज्ज्ञांनी तो आकडा फार कमी असल्याचे दाखवून दिले. संसद सदस्यांच्या दबावानंतर थेट चित्रण लोकांसाठी खुले झाले. पुढे सरकारी शास्त्रज्ञांनी आरंभीची गळती रोज सुमारे ६२,००० पिंपे ठरवली. चित्र खरेच होते. पण ते केव्हा दाखवायचे, हे ज्याच्यावर ठपका होता त्याच्याच हाती होते. अशा वेळी 'हे चित्रण कंपनीने पुरवले आहे' हे वाक्य बातमीचाच भाग ठरते.

याहून वाईट प्रकार सप्टेंबर २०२१ मध्ये घडला. अफगाणिस्तानातील पंजशीर खोऱ्यात लढाई चालू असताना काही भारतीय वृत्तवाहिन्यांनी 'आर्मा ३' या संगणकीय खेळातील दृश्ये खऱ्या हवाई हल्ल्याची म्हणून दाखवली. चित्रण कोठून आले, एवढा एक प्रश्न प्रक्षेपणापूर्वी विचारला असता तरी ही चूक टळली असती.

म्हणून प्रत्येक थेट चित्रणासोबत तीन गोष्टी सांगितल्या जाव्यात : ते कोणी टिपले, वाहिनीला कोणी दिले आणि ते प्रत्यक्षातले आहे की संगणकावर तयार केलेले. वाहिनीला एखादी गोष्ट पडताळता आली नसेल, तर तेही मोकळेपणाने सांगावे.

काही वाहिन्या पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तशी सूचना देतात. परंतु माझ्या आजीला अक्षरओळख नाही. तिच्यासाठी दिसले तेच घडले. म्हणून ही माहिती निवेदकाने तोंडाने सांगितली पाहिजे. तोवर कोपऱ्यातली ती अक्षरे घरात मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम आपल्यासारख्या शिकणाऱ्या मुलामुलींचे आहे. मी ते सुरू केले आहे. आजी आता प्रत्येक बातमीला विचारते, "ह्यो कॅमेरा कुणाचा गं?"