शब्दबोध : ‘दोस’ म्हणजे काय?



विहारात प्रवचन ऐकताना ‘लोभ, दोस, मोह’ हे तीन शब्द आपल्या कानांवर नेहमी पडतात. यांना अकुशलमूळ म्हणतात. माणसाच्या हातून होणाऱ्या वाईट कर्मांची ही मुळे होत. लोभ आणि मोह आपल्याला कळतात. पण ‘दोस’ म्हटले की पुष्कळांना मराठीतला ‘दोष’ आठवतो, आणि घोटाळा होतो.

संस्कृतातील ‘दोष’ व ‘द्वेष’ हे दोन निराळे शब्द पालीत ‘दोस’ या एकाच रूपात येतात. अकुशलमुळांतला दोस म्हणजे द्वेष; दुसऱ्याचे वाईट व्हावे ही इच्छा. ‘धम्मपदा’च्या तण्हावग्गात मात्र हा शब्द दोन्ही अर्थांनी आला आहे. तेथे शेताची उपमा आहे. तणाने शेत नासते, तसा आसक्ती, द्वेष, मोह व इच्छा यांनी माणूस नासतो.

ही उपमा नीट ध्यानात घ्या. तण म्हणजे माती नव्हे! आपल्या वाडवडिलांना मात्र सांगितले गेले की दोष तुमच्या मातीतच आहे, तुमच्या जन्मात आहे, तुमचा विटाळ होतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. जन्माचा दोष तेथेच संपला. पत्रिकेतला मंगळदोषही आपल्याला नको.

पण मनातले तण आहेच, आणि ते आपले आपणच काढायचे आहे. पोराच्या हातून काही सांडले की आपण चटकन म्हणतो, ‘तू जन्माचाच करंटा!’ ज्या भाषेने आपल्या आजोबांना हिणवले, तीच भाषा आपण आपल्या लेकराला वापरावी काय? ‘हे काम चुकले, पुन्हा नीट कर’ एवढे म्हणा. चूक दाखवा, जन्म काढू नका.

मग अन्यायाचा प्रतिकार हाही दोस काय? मुळीच नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले ते माणुसकीच्या हक्कासाठी, कुणाचे वाईट व्हावे म्हणून नव्हे.

दोसाच्या उलट अदोस, म्हणजेच मैत्री. आज रात्री वंदनेनंतर घरातील प्रत्येकाने स्वतःला विचारावे : आज माझ्या मनात कोणाविषयी दोस आला? दुसऱ्याचे तण मोजू नये. शेत एका दिवसात स्वच्छ होत नाही. रोज खुरपावे लागते.

जयभीम!